मागचं दिसू देणारी काच

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यात बाणेरला एका दागिन्यांच्या शोरूमची साइट चालू होती आमची. मी ज्या छोट्या फर्ममध्ये काम करते तिथे आम्ही शोरूम, ऑफिसं, हॉल अशा ठिकाणी स्क्रीन, स्पीकर, वायरिंग सगळं बसवून देतो. या वेळी माल नेहमीचा नव्हता, ५५ इंची पारदर्शक ओएलईडी होता, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि जिच्यातून मागचंही दिसतं अशी स्क्रीन, रस्त्याकडच्या मोठ्या काचेला आतून लावायचा. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलंय, समोर काचेतून रस्ता दिसतोय, झाडं दिसतायत आणि त्या रस्त्याच्या वरच एक सोन्याचा हार तरंगत गोल फिरतोय अशी कल्पना. आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर टेस्ट केली तेव्हा अगदी तस्संच दिसलं. आमचा वायरिंगवाला पोरगा, जो आजवर पन्नासेक व्हिडिओ वॉल लावून थकलेला आहे, तो सुद्धा हातातलं पक्कड खाली ठेवून बघत बसला.

दुसऱ्या दिवशी क्लायंट आले दुपारी साडेचारला. दुकान पश्चिममुखी. ऊन सरळ समोरून आत येत होतं आणि स्क्रीनवर काय चाललंय ते कळायलाच मार्ग नव्हता, हार म्हणजे काचेवर पडलेला एक फिकट पिवळा डाग. त्यात त्यांच्या एजन्सीने जो व्हिडिओ बनवून दिला होता त्यात काळ्या मखमलीवर बसलेली नवरी, काळेभोर केस, काजळ वगैरे. आता या स्क्रीनला काळा रंग दाखवताच येत नाही, काळा म्हणजे तो पिक्सेल बंद, आणि बंद म्हणजे आरपार. रात्री बाहेर अंधार असल्यामुळे केस केसांसारखे दिसले होते. दुपारी त्या केसांच्या जागी समोरचं पार्किंग दिसत होतं, स्कूटरींसकट. क्लायंट चिडले, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, एवढे पैसे मोजलेल्या माणसाने चिडू नये तर काय करावं. जागा बघायला गेलो तेव्हाच आम्ही हे सांगायला हवं होतं.

मी त्या रात्री घरी येऊन कागदावर हिशोब मांडला, तो इथे देते कारण ज्यांना ही काच घ्यायची आहे त्यांनी तो आधी करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते, आणि निट्स म्हणजे ती जागा डोळ्याला किती उजळ दिसते ते. भर उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हात पांढरी भिंत किंवा पांढऱ्या गाडीचं टप असेल तर ते सुमारे २५,००० निट्सने चमकतं. आम्ही लावलेल्या पॅनेलमधून मागचा उजेड ४० टक्क्यांच्या आसपास आरपार येतो, म्हणजे गाळून सुद्धा १०,००० निट्स डोळ्यात येणार. आणि पॅनेलचा स्वतःचा उजेड? जास्तीत जास्त ४००, तोही स्क्रीनचा थोडाच भाग पेटलेला असेल तेव्हा. दहा हजारापुढे चारशे. आता हेच घराच्या आत करून बघा. खोलीत ३०० लक्सचा उजेड असेल तर मागची पांढरी भिंत ७५-८० निट्सची, काचेतून गाळून तीस. तिथे चारशे म्हणजे राजा. काच तीच, पॅनेल तोच, फक्त मागे काय आहे त्याने सगळं ठरतं.

गावाकडच्या घरात ओसरीला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा असायचा, आठवतो का? दुपारी आत अंधार असला की आतल्या बाईला बाहेरचा सगळा रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरच्याला आतलं काही नाही. रात्री आत कंदील लागला की बरोबर उलटं. पडद्यात काही बदललेलं नसतं. पारदर्शक स्क्रीनचं गणित ज्याला समजावून सांगायचंय त्याला मी आता चिकाचाच पडदा सांगते, लगेच कळतं.

शेवटी तो पॅनेल आम्ही काचेवरून काढला आणि दुकानाच्या आतल्या बाजूला, जिथे खरे दागिने ठेवलेली एक उथळ कपाटवजा खिडकी होती, तिच्या पुढे बसवला. मागे गडद राखाडी कापड, छोटे दिवे, वेगळ्या स्विचवर. व्हिडिओतली नवरी काढून टाकायला लावली. आता मागे खरी ठुशी आहे आणि काचेवर फक्त दोन ओळी उजळतात, वजन किती, घडवली कुठे, आणि एक बारीक रेष त्या ठुशीच्या मण्यापाशी जाते. बायका थांबून बघतात. कारण स्क्रीन बघतायत असं त्यांना वाटतच नाही, त्या ठुशी बघतायत.

आणि मला एवढंच म्हणायचंय खरं तर या सगळ्या पोस्टमधून, की ही वस्तू ज्याच्या पुढे लावली जाते त्याच्यासाठी आहे, स्वतःसाठी नाही. पण ते मला कसं पटत गेलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी नागपूरला एमएस्सी फिजिक्स केलं. नागपुरात हा विषय अगदी परका नाही, नागपूर विद्यापीठात प्राध्यापक ढोबळे यांच्याकडे प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, त्यात ओएलईडीसाठी लागणाऱ्या युरोपियमच्या लाल संयुगांवर सुद्धा, बरंच काम झालेलं आहे. माझा प्रोजेक्ट मात्र दुसऱ्याच एका ठिकाणी होता, छोट्या लॅबमध्ये, जिथे एकच व्हॅक्यूम चेंबर होता आणि त्याच्यासाठी नंबर लावायला लागायचा. काम असं की एक इंच बाय एक इंच काचेचा तुकडा घ्यायचा, त्याच्या एका बाजूला आयटीओचा थर असतो, म्हणजे इंडियम आणि टिन यांचं ऑक्साइड. ही चीजच मुळात नवलाची आहे, धातूसारखी वीज वाहते आणि काचेसारखी आरपार दिसते. तुमच्या मोबाइलच्या टचस्क्रीनवर तीच आहे. डोळ्याला तो थर दिसत नाही, त्यामुळे कुठली बाजू वर ठेवायची हे मल्टिमीटरची दोन टोकं टेकवून बघायचं, ज्या बाजूला काही ओहम दाखवतो ती बाजू खरी. मग साबणाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, आयसोप्रोपिल, एकेकात दहा-दहा मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये. बोट लागलं की संपलं.

मग चेंबर. तळाशी धातूच्या छोट्या होडीत अल्क्यू-थ्री नावाची पिवळसर पावडर (वीज दिली की उजेड देणारा सेंद्रिय पदार्थ तो हाच), होडी तापवली की पावडरीची वाफ होऊन वर उलट्या टांगलेल्या काचेवर बसते, सेकंदाला दोनेक अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) या चालीने, आणि आपण मीटरवरचा आकडा बघत बसायचं. सगळे थर मिळून शंभर-दीडशे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. शेवटी वरून ॲल्युमिनियम, तो कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन आत सोडणारं ऋण टोक. ॲल्युमिनियम शंभर नॅनोमीटर बसवला की आरसा होतो, उजेड फक्त काचेच्या बाजूने येतो, मागून काही नाही. सगळ्यांचे नमुने असेच. मला सरांनी सांगितलं, तू वरचा थर चांदी-मॅग्नेशियमचा घे आणि अगदी पातळ ठेव, दहा-पंधरावर थांब, बघू काय होतं ते.

दहा-पंधरा नॅनोमीटर धातू म्हणजे धातू असून नसल्यासारखा. तुकडा बाहेर काढून खिडकीकडे धरला तर पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, किंचित निळसर. चिमटे लावले, व्होल्टेज वाढवत नेलं, सहाच्या पुढे कुठेतरी मधला बारीक चौकोन हिरवा व्हायला लागला. कसा हिरवा सांगू, पावसाळ्यात पहिल्या आठवड्यात धुऱ्यावर जे गवत येतं तसा. आणि त्या हिरव्याच्या आतून झाड दिसत होतं. सर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, ते म्हणाले "मला पण दिसतंय". दोन्ही बाजूंनी उजेड. मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकोनात काळे ठिपके होते. जुलै महिना, नागपूरची हवा, आमच्याकडे कोरड्या नायट्रोजनचा ग्लोव्ह बॉक्स नव्हता, कडा नुसत्या इपॉक्सीने बंद केलेल्या. बाष्प धातूच्या थरातल्या सुईच्या टोकाहून बारीक भोकांतून आत जातं, कॅथोड आतून सुटतो किंवा गंजतो आणि तेवढी जागा कायमची विझते. तिसऱ्या दिवशी ठिपके मोठे झाले, आठवड्याने चौकोन गेला. साध्या ओएलईडीला मागच्या बाजूला झाकण लावून त्यात बाष्प शोषणारी पुडी चिकटवता येते. पारदर्शकाला मागची बाजूच नाही ना, जे काय लावाल ते दिसणार. म्हणून ही काच बनवणं नेहमीच्या स्क्रीनपेक्षा जास्त जिकिरीचं, सगळं सील कडेकडेने आणि आरपार दिसणाऱ्या मालानेच करायचं. आजही साइटवर पॅनेलची पेटी उघडली की मी आधी कडा बघते, ही तेव्हाची सवय.

हे सगळं मी पहिल्यांदा केलं असं अजिबात नाही, उलट मी जे केलं ते दुसऱ्यांच्या वाटेवरून चालणं होतं, ती वाट कोणाची ते सांगितलंच पाहिजे. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन पातळ थर एकावर एक ठेवून दहा व्होल्टच्या आत चांगला लख्ख उजेड पाडून दाखवला. फिल्मचे रोल विकणाऱ्या कंपनीत. टँग मूळचे हाँगकाँगचे, आणि त्यांचं आधीचं काम होतं सेंद्रिय सोलर सेलवर, १९८६ चा त्यांचा दोन थरांचा सेल प्रसिद्ध आहे, म्हणजे उजेडातून वीज. मग विजेतून उजेड. त्यांच्या नमुन्यातही अल्क्यू-थ्रीच, काचेवर आयटीओ आणि वर मॅग्नेशियम-चांदी, पण जाड, आरशासारखी.

आरसा काढला प्रिन्स्टनच्या मंडळींनी. १९९६ ला स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन, व्लादिमिर बुलोविच आणि त्यांच्या साथीदारांनी छापलं. अडचण अशी होती की वरून पण आयटीओ द्यावा म्हटलं तर तो बसवायची पद्धत दांडगी, स्पटरिंगमध्ये कण जोराने येऊन आदळतात आणि खालचा नाजूक सेंद्रिय थर खराब होतो, शिवाय आयटीओमधून इलेक्ट्रॉन नीट आत शिरत नाहीत. त्यांनी काय केलं, मध्ये मॅग्नेशियम-चांदीचा अतिशय पातळ थर दिला, तो इलेक्ट्रॉन पण आत सोडतो आणि ढालीसारखा आदळआपट पण झेलतो, आणि त्याच्यावर मग आयटीओ. बंद असताना ७० टक्के आरपार. हेल्मेटची काच, वाहनाची पुढची काच, खिडकी, जिथे आपण आधीच बघत असतो तिथेच उजेडाची अक्षरं आणायची, हा विचार तिथूनच पुढे आला. मला ही युक्ती आजही कोणाला सांगताना अंगावर काटा येतो, एवढं साधं आणि एवढं बरोबर.

पण बाजारात जी मोठी पारदर्शक स्क्रीन येते ती हुबेहूब अशी नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोठ्या पॅनेलला प्रत्येक पिक्सेलमागे ट्रान्झिस्टर लागतात, तारा लागतात, आणि उजेड दोन्हीकडे गेला तर अर्धा फुकट जातो. म्हणून प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करतात, एका भागात दिवा, शेजारी रिकामी खिडकी. दिवे फक्त पुढच्या बाजूला उजेड टाकतात, खिडक्यांतून मागचं दिसतं. भिंग लावून बघा कधी, शोरूममध्ये बघू दिलं तर, बारीक जाळी दिसेल. ७० वरून ४० टक्क्यांवर आपण आलो ते यामुळे. म्हणजे परत चिकाचा पडदाच, फक्त काड्या पेटणाऱ्या.

ही काच लावलेली ठिकाणं जगात बरीच झाली आता. २०२० मध्ये बीजिंग मेट्रोच्या ६ नंबर लाइनवर आणि शेनझेनच्या १० नंबर लाइनवर गाडीच्या खिडकीतच एलजीचे ५५ इंची पारदर्शक पॅनेल बसवले, खिडकीतून बोगदा दिसतो आणि त्यावर पुढचं स्टेशन, वेळ वगैरे. हे मला आवडलं. बोगदा अंधारा, म्हणजे गणित बरोबर जागेवर बसतंय, आणि माणूस नाहीतरी खिडकीबाहेरच बघत असतो. त्याच वर्षी शाओमीने ४९,९९९ युआनचा पारदर्शक टीव्ही काढला. २०२४ च्या जानेवारीत लास वेगासला एलजीने ७७ इंची दाखवला आणि वर्षअखेरीस अमेरिकेत विकायला आणला, किंमत ६०,००० डॉलरच्या घरात. त्याच्यात मागे एक काळा पडदा आहे, बटण दाबलं की वर येतो आणि मग तो नेहमीच्या टीव्हीसारखा होतो. पडदा लागतोच, कारण सिनेमाला काळा रंग लागतो. मला विचाराल तर तो पडदा वर आला की त्या काचेचं काम संपलं. दिवाणखान्यात या वस्तूला करायला काही नाही. तिच्यामागे भिंत असते, आणि भिंतीबद्दल कोणाला काय सांगायचंय?

गाडीच्या पुढच्या काचेवर ही का आली नाही, असं पण लोक विचारतात. कारण डोळा. गाडी चालवताना नजर पन्नास-शंभर मीटरवर लागलेली असते आणि काच हातभर अंतरावर. काचेवरच अक्षरं उमटली तर दर वेळी नजर जवळ आणायची, परत लांब न्यायची, तेवढ्यात समोर म्हैस आलेली असते. आता गाड्यांमध्ये जे हेड-अप डिस्प्ले येतात ते म्हणून आरशांनी प्रतिमा दोन-तीन मीटर पुढे असल्यासारखी भासवतात. म्हणजे या काचेच्या मागची वस्तू काचेला जितकी जवळ तितकं चांगलं. शिवाय लांब असली की दुसरी पंचाईत, उभं राहण्याची जागा बदलली की अक्षर एकीकडे आणि वस्तू एकीकडे, दोन माणसं शेजारी उभी असतील तर एकाची रेष ठुशीच्या मण्यावर आणि दुसऱ्याची शेजारच्या बुगडीवर. शोरूमच्या त्या कपाटात आम्ही ठुशी काचेपासून जेमतेम चार बोटांवर आणली तेव्हा कुठे ते जुळलं.

मागे गडद, उजेड आपल्या हातात, वस्तू काचेला चिकटून, आणि वस्तू अशी की जिच्याबद्दल कोणीतरी शेजारी बसून सांगितल्याशिवाय ती कळत नाही. हे मनात घोळत होतं तेव्हा मला आमच्या घरातलं कार्ड आठवलं.

वर्धा जिल्ह्यात आमचं गाव. आईच्या कपाटात, पेढ्यांच्या डब्यात, १९३४ सालचं एक पोस्टकार्ड आहे. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाने लिहिलेलं, ते तेव्हा हिंगणघाटच्या कापड गिरणीत होते. कार्ड मोडीत. आईने ते नव्वद टक्के आयुष्य जपून ठेवलं आणि एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. पुण्यात मोडी जाणणाऱ्या एका काकांनी ते वाचून दिलं, नऊ ओळी, एका ठिकाणी पाण्याचा थेंब पडून शाई पसरलेली, तिथे त्यांनी मोकळी जागा सोडली आणि पेन्सिलीने फुली केली.

मी ते देवनागरीत टाइप करून आईला मोबाइलवर पाठवलं. ती म्हणाली वाचलं, छान आहे. पण मग कार्ड हातात घेऊन परत म्हणाली, "पण यातलं कोनतं काय हाय, ते कसं समजन?"

पारदर्शक ओएलईडी लहान पण मिळतो, दीड इंची, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, फिकट निळा, एका रंगाचा, छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारे वापरतात. मी तो मागवला. कार्ड एका फोटोफ्रेममध्ये काचेला अगदी टेकवून बसवलं. काचेवर ॲल्युमिनियमची आडवी पट्टी, तिच्यावर स्क्रीन सरकते, आणि स्क्रीनला जोडलेला एक सरकता पोटेंशियोमीटर, जुन्या ऑडिओ मिक्सरवर खालीवर करायचे असतात ना तसला, दहा सेंटीमीटर चालीचा. स्क्रीन कुठे आहे ते त्याच्यावरून कळतं. फ्रेमच्या दोन्ही कडांना नऊ खाचा, ओळीगणिक एक, पट्टी उचलून खालच्या खाचेत ठेवायची आणि बटण दाबायचं. त्या छोट्या चिपला देवनागरी जोडाक्षरं जमत नाहीत म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्रच करून भरलं, आठवडाभर रात्री तेच. शब्द स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात उजळतो, खालचा अर्धा भाग नुसती काच, तिच्यातून मोडीतला तोच शब्द दिसतो. वर निळं, खाली तपकिरी शाई.

गणपतीला घेऊन गेले गावी. आईने खुर्ची ओढली, आणि पहिल्यांदा काही जुळेना, कारण ती बुटकी, खालून बघत होती, तिला निळा शब्द वरच्या ओळीवर दिसत होता. फ्रेम भिंतीवरून काढून टेबलावर तिरकी ठेवली, खिडकीचा पडदा लावला. मग तिने अंगठ्याने स्क्रीन हळूच सरकवली. तीर्थरूप. सरकवली. दादा. सरकवली. यांसी. साष्टांग. नमस्कार.

"अवं बाई," ती म्हणाली, "हे तं बोटाखाली उगवून राह्यलं."

त्या दिवशी तिने ते कार्ड किती वेळा वाचलं मला मोजता आलं नाही. कापसाचा भाव पडला आहे. गिरणीत पाळी तीन दिवस बंद होती. विहिरीस पाणी लागल्याचे कळले, आनंद झाला. पोळ्यास येणे होत नाही. बैलांस घुंगरमाळ पाठवितो. भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, सगळ्यांना तिने बसवून दाखवलं, प्रत्येकाचा अंगठा स्वतः धरून. दोन दिवसांनी मी बघितलं, ती स्क्रीन बाजूला सारून नुसत्या कार्डावर बोट फिरवत होती आणि ओठ हलत होते.

सातव्या ओळीत ती फुलीची जागा. तिथे मी काहीच भरलेलं नव्हतं, स्क्रीन तिथे गेली की विझते आणि नुसती काच राहते, खाली पसरलेली शाई. त्याच्या आधी "बैल विकले तरी चालेल परंतु" आणि नंतर "विकू नये". आई तिथे थांबली, वाकली. स्क्रीन मागे नेऊन पहिल्या ओळीवर गेली, परत सातव्यावर आली. मी म्हटलं आई, ते काकांना पण लागलं नाही, शाई गेलीय.

"थांब नं जरा. हा वरचा दादाचा द हाय का नाही?" मग नमस्काराच्या म वर जाऊन आली. मग विहिरीच्या पाण्यावर गेली, तिथे बराच वेळ. परत आली.

"दमणी," ती म्हणाली. "दमणी विकू नये. अवं, आमच्या घरी होती दमणी, लग्नाच्या वरातीले काढत. मी बसली हाय तिच्यात, लहानी असताना, आजीच्या मांडीवर."

दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, आमच्याकडचा शब्द, पुण्याच्या काकांना तो सुचणं कठीणच होतं. मी लगेच लॅपटॉप उघडला, त्या शब्दाचं चित्र करून भरायला पाच मिनिटं लागली असती. आईने हात धरला.

"नको भरू. तिथं तशीच राहू दे काच."

तशीच ठेवली आहे.